बर्फ वितळवून दाखवणार नाही

रायगडच्या किनाऱ्यावर लोक हवा खायला जातात. मी वीज मोजायला गेले होते. परत आल्यावर शेजारच्या सुनंदावहिनींनी विचारलं, समुद्र कसा होता, किल्ला पाहिलास का, आमसुलं आणलीस का. मी त्यांना बर्फाविषयी सांगायला लागले. पाच मिनिटांत त्यांनी चहा संपवला आणि कुकर लावायचाय म्हणून उठल्या. तेव्हा ठरवलं, हे लिहूनच काढायचं. वाचणारा मध्येच उठला तरी निदान मला दिसणार नाही.

आधी माझ्या कामाचं सांगते. मी इचलकरंजीची. कारखान्यात वीज कुठं वाया जाते ते मोजून लिहून देणं, हे माझं गेल्या वीस-बावीस वर्षांचं काम. सरकारची एक योजना आहे. लहान कारखान्यांनी जुनी, वीज खाणारी यंत्रं काढून नवी घ्यावीत म्हणून बँकेकडून कर्ज मिळतं आणि त्याच्या व्याजाचा काही भाग सरकार उचलतं. योजना चांगली आहे, हे मी आजही म्हणते. अट अशी की माझ्यासारखीनं आधी जाऊन मोजायचं. आज किती वीज लागते आणि नव्या यंत्रानं किती लागेल, यातला फरक ठरवून दिलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त भरला, तरच अर्ज पुढं सरकतो. या अटीनंच माझं डोकं फिरवलं.

रेवस

मुंबईत माझी मोजायची यंत्रं तपासून घ्यायची होती, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला निघाले. लाँचमध्ये मासे विकून परतणाऱ्या बायका होत्या. रिकाम्या टोपल्या, मोकळे पाय, मोठा आवाज. आमच्याकडं बाजारातून परतणारी बाई दमलेली दिसते. या बायका मात्र लग्नाहून आल्यासारख्या हसत होत्या. एकीनं आपली टोपली माझ्या पिशवीवर ठेवली. टोपलीतलं पाणी पिशवीत, पिशवीतल्या फायलीत आणि फायलीतल्या कोऱ्या फॉर्मात उतरलं. मी तोंड उघडलं तेव्हा तिनं उलट मलाच विचारलं, "यात काय हाय गो?"

"वीज मोजायचं यंत्र."

"मंग आमचे घरचं मोज. ते मीटरवर माजा विश्वास न्हाय."

सगळी लाँच हसली. मलाही हसावं लागलं. पुढचे पाच दिवस मी सरकारी कागद उघडला की बोंबलाचा वास यायचा.

रेवसच्या जेटीवरून मिनीडोअर मिळाली. ही इकडची वडापची, म्हणजे माणसं कोंबून नेणारी गाडी. आमच्या वडापात जितकी माणसं बसतात त्याहून दोन जास्त बसतात आणि तक्रार कुणीच करत नाही. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. एका माळेतला कांदा सोडून ड्रायव्हरनं मला नुसताच खायला दिला. तो गोड लागला. कांद्याला गोड म्हणताना घाटावरच्या माणसाला जरा अवघड जातं, पण गोडच होता.

थळ

खतकारखान्याच्या चिमण्या दिसायला लागल्या की थळ आलं असं समजायचं. त्याच्या अलीकडं, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मधून वाट काढत, मी कोळी बायकांच्या सहकारी संस्थेच्या बर्फाच्या कारखान्यापाशी पोचले. या भागातल्या होड्या इथला बर्फ घेऊन दर्यावर जातात. कारखान्याचा कॉम्प्रेसर, म्हणजे जो गारवा तयार करतो तो मोठा पंप, फार जुना झालाय. तो कधी बसेल सांगता येत नाही. बसला तर होड्यांना बाहेरच्या व्यापाऱ्याचा बर्फ घ्यावा लागणार आणि तो सांगेल तो भाव द्यावा लागणार. पूर्वी तसंच होतं. त्या जाचातून सुटायला तर या बायकांनी संस्था काढली होती. नवा कॉम्प्रेसर घ्यायला त्यांना ही योजनाच हाताशी होती.

कारखाना आला तरी कसलाच आवाज नव्हता. बर्फाचा कारखाना लांबून ऐकू येतो. इथं कावळे ऐकू येत होते. मला वाटलं, आपण पोचायच्या आत कॉम्प्रेसर गेला.

दारात संस्थेच्या अध्यक्षीणबाई उभ्या होत्या. जानकीबाई. साठीच्या, काटक, केसात अबोलीचा वळेसर. आत भिंतींना ताजा चुना, फरशी घासलेली, कॉम्प्रेसरला जास्वंदीचा हार.

"मशीन बंद का?" मी विचारलं.

"तू येनार म्हनून बंद ठेवली. आवाजात बोलनार कशी? पयली बस, पानी घे."

मी कपाळाला हात लावला, पण पाणी घेतलं. मग जेवणही घेतलं, कारण त्याशिवाय मशीन चालू होणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची कांदा घालून केलेली चटणी, वालाचं बिरडं आणि आंब्याची फोड. आमच्याकडं कारखान्यावर पाहुणी गेली तर तिला ऑफिसात एकटीला ताट येतं. इथं जानकीबाई माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या, त्यांच्या बरोबरीच्या चार बायका बसल्या, आणि मशीन चालवणारा काशिनाथ बायकांचं होईपर्यंत बाहेर थांबला. मला हे फार आवडलं.

काशिनाथ इथला नव्हे, आतल्या बाजूच्या तळा गावचा. बरीच वर्षं तोच हे मशीन चालवतो. हाताच्या पंजानं पाइपला धरून तो सांगतो की आज बर्फ धरायला किती वेळ लागणार. जेवणानंतर त्यानं मशीन चालू केलं आणि मी माझी यंत्रं लावली.

मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, त्यात गोड्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे डबे. मिठाचं पाणी गोठणबिंदूच्याही खाली गार करायचं, म्हणजे डब्यातल्या पाण्याची लादी होते. एवढंच काम, पण वैशाखात त्याला वीज फार लागते. दोन दिवस मी मोजत बसले. आणि आकडे बघून चक्रावले. एवढ्या जुन्या मशीनला इतकी कमी वीज लागूच शकत नव्हती. मी यंत्र काढून पुन्हा लावलं. बॅटरी बदलली. मुंबईत तपासून देणाऱ्याला फोन करून दोन शब्द सुनावले. आकडा तोच.

शेवटी काशिनाथला विचारलं, "इथं अलीकडं काही बदललंय का?"

"बदललं काय न्हाय, ताई. साफसफाई केली फक्त."

"कसली?"

तो उत्साहानं सांगायला लागला. टाकीच्या चहूबाजूंनी उष्णता अडवायला भाताचं तूस भरलेलं असतं. ते वर्षानुवर्षांत ओलं होऊन कुजलं होतं. सगळं खणून काढलं, नवं कोरडं भरलं. टाकीवरच्या फळ्या तडकलेल्या, त्या सुताराकडून नव्या घेतल्या. पाइपांवरचा खार घासून काढला. मिठाचं पाणी गळत होतं तिथं डाग दिला.

"हे कधी?"

"तुमी यायच्या आधी आठ-धा दिवस. समदा कोळीवाडा राबला."

"पण कशासाठी?"

काशिनाथनं माझ्याकडं जरा दयेनं पाहिलं. "सरकारचं मानूस तपासनीला येनार, आनि घान दाखवायची व्हय?"

मी तिथल्याच बर्फाच्या डब्यावर बसले. या माणसांनी पाहुणी येणार म्हणून घर आवरावं तसा कारखाना आवरला होता, आणि आवरता आवरता नव्या मशीननं जी वीज वाचायची तिच्यातली बरीचशी आधीच वाचवून टाकली होती. आता माझ्या फॉर्मात 'सध्याचा वापर' कमी, म्हणून 'होणारी बचत' कमी, म्हणून टक्के भरत नाहीत, म्हणून कर्ज नाही. आणि ते थकलेलं मशीन मात्र जागच्या जागी.

जिल्ह्याच्या कार्यालयात फोन लावला. योजनेचं काम बघणारे साहेब भले गृहस्थ होते. आवाजावरूनच कळलं की त्यांनी हे आधी ऐकलंय. "मॅडम, त्यात काय अवघड आहे? थोडं तूस काढा, फळ्या दोन दिवस उघड्या ठेवा, आकडा घ्या, परत बंद करा. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

सांगायला नको होतं. मी हे केलंय. आमच्याकडच्या एका फाउंड्रीत हवेच्या नळ्यांची गळती मला पहिल्या दिवशीच दिसली होती. मालक म्हणाले, आधी मोजा, मग बुजवू. मी मोजलं, सही केली, त्यांचं कर्ज झालं. सगळे खूश होते. मीही माझे पैसे घेऊन घरी आले. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही. थळला त्या डब्यावर बसल्यावर वाटली आणि चांगलीच वाटली.

तरीही मी जानकीबाईंना साहेबांचा निरोप सांगितला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं त्या हो म्हणतील. मशीन त्यांचं, अडचण त्यांची, आणि दोन दिवस फळ्या उघड्या ठेवल्यानं कुणाचं मरण ओढवत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाकीच्या बायकाही गोळा झाल्या.

"म्हंजे मी लाद्या इतलू देवाच्या?" जानकीबाईंनी विचारलं.

"दोनच दिवस."

"आनि तू ते लिवनार का आमी असाच कारखाना चालवतो."

"हो."

"न्हाय. मी बरफ इतलवून दाखवनार न्हाय. आमचे पोरी आठ दिवस तूस भरत व्हत्या, अंगाला खाज सुटली. ते काढून टाकू आनि सांगू आमी घानेरड्या? माज्या बरफाला कोन नाव ठेवील ते मला चालनार न्हाय, मंग तो सरकार का असंना."

एक बाई हळूच म्हणाली, "पन जानके, मशीन बसली तर?"

"बसली तर बसली. व्यापारी तरी तोंडावर लुबाडतो."

मी यंत्रं पिशवीत भरायला लागले, आणि मला एकदम राग आला. साहेबांचा नव्हे, त्या फॉर्मचा. ज्यानं गळती चालू ठेवली त्याला कर्ज, ज्यानं बुजवली त्याला नाही, असा फॉर्म बनवणाऱ्यांनी एकदा तरी तूस भरून बघावं. मी काशिनाथला विचारलं, "आधी किती वीज लागायची ते बिलांवरून दाखवता येईल, पण हे तूस नेमकं कधी आणलं, त्याचा काही पुरावा आहे?"

"माझ्या दाजींच्या भातगिरनीतून आनलं. तळ्याला. त्येंच्याकडं लिवलेलं आसंल."

तळा

दुसऱ्या दिवशी काशिनाथ आणि मी एस.टी.नं निघालो. रोह्यापर्यंत ठीक होतं. तिथून पुढची गाडी आमच्या डोळ्यांसमोर सुटली, कारण काशिनाथ मला जांभळं घेऊन देत होता. पुढची गाडी येईस्तोवर दोन तास. आम्ही स्टँडवर जांभळं खात बसलो. जिभा जांभळ्या झाल्या आणि त्याच जिभेनं मी काशिनाथला योजनेचे नियम समजावून सांगितले. त्यानं एकच प्रश्न विचारला. "म्हंजे पास व्हायला आधी नापास व्हायला पायजे?"

समुद्र मागं पडला की हा जिल्हा एकदम बदलतो. लाल डोंगर, राब भाजून काळी झालेली शेतं, झाडांखाली सावलीला उभी गुरं. तळा हे तालुक्याचं गाव आहे, पण बाजारपेठ अशी की या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला कळावं. दाजींची गिरणी बाजूच्या वाडीत. दाजी म्हणजे महादू, काशिनाथच्या बहिणीचे यजमान. अंगभर कोंडा, पापण्यांवरही कोंडा.

त्यांच्याकडं वही नव्हती. गिरणीतून तूस कोण कधी घेऊन गेलं ते ते कोळशानं भिंतीवर लिहितात. वर्ष संपलं की भिंत सारवायची आणि पुन्हा सुरुवात. तारीख नाही, तिथी. भिंतीवर वाचलं: 'चैत्र वद्य एकादशी. थळचे बर्फाला. काशीनाथ मेव्हणा. दोन टेम्पो.' किंमत लिहिलेली नव्हती. मेव्हण्याकडून तुसाचे पैसे घ्यायचे नसतात, असं महादू म्हणाले.

मी भिंतीचा फोटो काढला. भिंतीशेजारी महादूंनी उभं राहावं म्हणून सांगितलं, तर ते आत जाऊन टोपी घालून आले. मग त्यांच्या बायकोनं, काशिनाथच्या बहिणीनं, आम्हाला पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा दिला. ही पेज आमच्या आंबिलीच्या जवळपासची, पण गरम आणि पातळ. एका वाडग्यावर थांबायचं नसतं हे मला तिसऱ्या वाडग्याला समजलं.

"सरकारला भिंत चालते का पन?" महादूंनी निघताना विचारलं.

"बघू," मी म्हटलं. खरं तर मला माहीत नव्हतं.

अलिबाग

कार्यालयात जानकीबाई माझ्यासोबत आल्या. नवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत कारखान्याची मागची सगळी विजेची बिलं. मी अहवाल समोर ठेवला. तूस बदलण्याआधी किती वीज लागत होती ते बिलांवरून. तूस कधी बदललं ते भिंतीवरून. आता किती लागते ते माझ्या मोजणीवरून. खाली माझी सही.

साहेबांनी कागद नाकाशी नेला, वास घेतला आणि खाली ठेवला. मग भिंतीचा फोटो बराच वेळ बघितला.

"मॅडम, बिलं चालत नाहीत. मोजणी जागेवर, यंत्रानं, अर्जाच्या वेळचीच हवी. तसा नियम आहे. आणि ही भिंत..." ते थांबले. "असं करा, अर्ज मागं घ्या. नामंजूर झाल्याची नोंद नको. पुढच्या वर्षी बघू."

"मशीन पुढल्या वर्साला थांबनार न्हाय," जानकीबाई म्हणाल्या.

"मावशी, माझ्या हातात असतं तर मी आज दिलं असतं."

"तुमचे हातात पेन हाय ना? मी मागं घेनार न्हाय. तुमी नामंजूर करा. फकस्त का नामंजूर केला ते एका वलीत मराठीत लिवून द्या. मी वाचून दाखवीन कोलीवाड्यात."

साहेबांनी खरंच कागद ओढला. माणूस साधा होता, म्हणून त्यानं खरं कारण लिहिलं. लिहिता लिहिता ते मोठ्यानं वाचत होते. 'सदर कारखान्याने विजेची बचत अगोदरच केलेली असल्यामुळे, वीज बचतीसाठीचे कर्ज...' आणि तिथं त्यांचा हात थांबला. टेबलाच्या पलीकडचा कारकून हसला आणि लगेच खोकला. साहेबांनी वाक्य पुन्हा मनातल्या मनात वाचलं, कागद फाडला, दुसरा घेतला आणि त्यावर 'वरिष्ठांच्या निर्णयासाठी सादर' असं लिहून आमची सगळी फाइल, भिंतीसकट, वर पाठवायला ठेवली.

"परत येईल," ते मला म्हणाले.

"येऊ दे," मी म्हटलं.

बाहेर पडल्यावर जानकीबाईंनी मला समुद्रावर नेलं. भरती होती, किल्ल्याकडं जायची वाट पाण्याखाली. त्यांनी दोन शहाळी घेतली, पैसे देऊ दिले नाहीत, आणि पाण्याकडं बघत म्हणाल्या की त्यांना भीती वाटते. मशीनची. रात्रंदिवस कान तिकडंच असतो. मी शहाळं संपवलं आणि त्यांचा हात धरून बसले.

इचलकरंजी

साहेब म्हणाले तसंच झालं. आषाढात, इकडं नदीला पूर येणार का अशी चर्चा चालू असताना, फाइल माझ्या पत्त्यावर परत आली. वर चिठ्ठी: 'कारखान्याच्या नेहमीच्या परिस्थितीत मोजमाप पुन्हा घेऊन अहवाल सादर करावा.' म्हणजे काय ते मला कळलं. लिहिणाऱ्यालाही माहीत असणार.

जानकीबाईंना फोन केला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपायला थोडेच दिवस उरले होते. होड्या निघतील त्या दिवशी बर्फ लागणार. काशिनाथनं कॉम्प्रेसर खोलून, जुने भाग घासून, कसाबसा जुळवून आणला होता. किती दिवस ओढेल ते त्यालाही सांगता येत नव्हतं. मी चिठ्ठी वाचून दाखवली. मग, माझ्यासारखीनं बोलू नये ते बोलले. म्हटलं, "जानकीबाई, अजून वेळ आहे. तुम्ही म्हणाल तर मी येते आणि त्यांना हवा तसा आकडा घेते. सही माझी, पाप माझं. तुम्हाला मशीन तरी मिळेल."

त्यांनी मला चिठ्ठी पुन्हा वाचायला लावली.

"नेहमीची म्हंजे कशी लिवलंय त्यांनी?"

"रोज कारखाना चालतो तशी."

"मंग त्यांना लिव का आता आमची रोजची हीच. तूस दर वर्साला बदलनार. ठराव झालाय. पुन्ना ये मोजाला, शंभरदा ये, जेवून जा. आकडा हाच निंगंल."

मी त्याच कागदावर, 'नेहमीच्या परिस्थितीत' या शब्दांच्या खाली, त्यांचं हे बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. त्याखाली वैशाखात मोजलेलाच आकडा लिहिला. सही केली, आणि छत्री घेऊन पोस्टात गेले.